जुनी मोटरसायकल हंगामासाठी बाहेर काढताय? या चुका टाळा

महिनोनमहिने उभ्या असलेल्या गाडीवरचं कव्हर निघालं की बहुतेकांचा पाय आधी किककडे जातो. दहा-बारा किका मारून इंजिन धडधडलं की 'गाडी तयार' असं जाहीर होतं आणि त्याच संध्याकाळी ती रस्त्यावर येते. दर हंगामाच्या तोंडावर मी हेच बघतो आणि दरवेळी माझा जीव खालीवर होतो. सुरू न होणारी गाडी घरीच उभी राहते, कुणाला इजा करत नाही. सुरू होणारी पण वेळेवर न थांबणारी गाडी करते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ब्रेक, मग टायर, हँडल आणि केबल, त्यानंतर पेट्रोल आणि ऑइल. इंजिन सगळ्यात शेवटी.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेल्या गाड्यांबद्दल आहे.

जुन्या पेट्रोलवर नवं पेट्रोल ओतणं

खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

पेट्रोल नुसतं ठेवलं तरी बिघडतं. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन हळूहळू चिकट राळ तयार होते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओलही शोषतं. ती ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल चालू-बंद करणारा कॉक तळाशीच असतो, त्यामुळे वरून कितीही ताजं पेट्रोल ओतलं तरी कार्ब्युरेटरकडे पहिल्यांदा जातो तो तळाचा गाळ.

फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, तर जेमतेम घोटभर पेट्रोल असतं. ते आटत जातं आणि मागे राहिलेला पिवळट-तपकिरी थर नेमका पायलट जेटमध्ये, म्हणजे स्लो स्पीडला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीत बसतो, कारण तिथलं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. लक्षण ठरलेलं आहे: गाडी चोकवर चालते, चोक ढकलला की बंद पडते, रेस दिली की बरी, सोडली की गेली. यावर लोक करतात काय, तर स्लो स्पीडचा स्क्रू आवळून ठेवतात. आजार तसाच राहतो, वर गाडी सिग्नलला उगाच गुरगुरत उभी राहते. दुसरी वाईट सवय म्हणजे जेट तारेने टोकरणं. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ. एकदा भोक मोठं झालं की पेट्रोल-हवेचं प्रमाण कायमचं बिघडतं. मी जेट काढतो, कार्ब क्लीनरमध्ये भिजवतो, हवेच्या झोताने उडवतो आणि उजेडाकडे धरून बघतो. भोक गोल आणि स्वच्छ दिसेपर्यंत तो परत बसवत नाही.

आता एका ओळखीच्याच्या गाडीचं सांगतो. एक सिलिंडरची, जुनी, पण मनापासून जपलेली. हंगाम संपल्यावर पेट्रोलचा कॉक चालूच राहिला होता. टाकीतला गंज आणि राळ मिळून फ्लोटची निडल, म्हणजे चेंबर भरला की पेट्रोल थांबवणारी सुई, उघडी अडकली. पुढच्या हंगामाला त्याने टाकी वरपर्यंत भरली आणि गाडी दोन दिवस तशीच उभी ठेवली. चेंबरचं जास्तीचं पेट्रोल बाहेर काढणारी नळी मातीने बुजलेली होती, त्यामुळे जमिनीवर एक थेंबही पडला नाही. सगळं पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या तळात उतरलं. ऑइलची पातळी खुणेच्या वर गेलेली त्याला दिसली होती. ऑइल भरपूर आहे म्हणून तो उलट निश्चिंत झाला! बऱ्याच किका मारल्यावर गाडी सुरू झाली आणि तो निघाला. थोड्या अंतरावर खालून ठोके ऐकू यायला लागले, तरी 'गरम झाली की थांबेल' म्हणून तो पुढे गेला. गाडी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी ड्रेन नट काढला. ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि नाकाशी न नेताही पेट्रोलचा वास येत होता. कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग गेलेलं. अख्खं इंजिन खोलावं लागलं, तेही पेन्सिलच्या टोकाएवढ्या एका निडलपायी.

त्यातही तो नशिबाने वाचला. पिस्टनच्या वर पुरेसं पेट्रोल साचलं असतं तर रॉडच वाकला असता, कारण द्रव दाबला जात नाही. सेल्फ (बटण स्टार्ट) असलेल्या गाडीत हा धोका जास्त. किक मारताना पायाला अडथळा तरी कळतो.

माझी सवय अशी. बॅटरीची तार काढायची आणि उघड्या हवेत टाकी पूर्ण रिकामी करायची. निघालेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं. थोडा वेळ ठेवलं की पाणी किंवा गंज असेल तर तळाशी दिसतं. कॉक काढून त्याची जाळी धुवायची. चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं सोडून द्यायचं. ऑइलची पातळी बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून वास घ्यायचा, आणि पेट्रोलचा जरासा जरी वास आला तरी इंजिन सुरू न करता ऑइल बदलायचं. मग थोडंसंच ताजं पेट्रोल टाकून कॉक चालू करायचा, खाली कागद पसरायचा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघत बसायचं. पहिली किक प्लग काढून, हळू, हाताने दाबून. प्लग काढल्यावर तो त्याच्या कॅपमध्ये बसवून इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. वायर मोकळी लोंबत ठेवून किक मारली तर सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतो.

व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिन चालू असतानाच आपोआप उघडणारा कॉक असेल तर तो 'पीआरआय' (प्राइम) या खुणेवर विसरू नका. त्या खुणेवर इंजिन बंद असलं तरी पेट्रोल वाहतच राहतं.

आणि तो चटकन गाडी सुरू करणारा स्प्रे. माझ्या कपाटात तो नाही आणि येणारही नाही. पेट्रोल आणि ठिणगी नीट असतील तर त्याची गरज पडत नाही, नीट नसतील तर खरा दोष झाकला जातो. ज्यांना दहा मिनिटांत गाडी सुरू झालेली हवी असते त्यांनी जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद हंगामात दर आठवड्याला 'जरा सुरू करून ठेवणं'

हे प्रेमापोटी केलं जातं, म्हणून समजावणं अवघड जातं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर इतके तापत नाहीत की ती उडून जाईल. ती आतच पाणी होऊन बसते, ऑइलमध्ये मिसळते आणि सायलेन्सर आतून खाते. सेल्फ मारायला बॅटरीतून जेवढं गेलं तेवढंही त्या स्लो स्पीडवर परत येत नाही. बंद गॅरेजमध्ये तर हे जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. चालवायचीच असेल तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, सगळं नीट तापू दे. नाहीतर हातच लावू नका.

ब्रेक 'लागतोय ना' एवढंच बघणं

लिव्हर दाबल्यावर चाक थांबलं म्हणजे ब्रेक ठीक, हे अर्धं सत्य आहे. सोडल्यावर चाक मोकळं होतं का, हे कुणी बघत नाही. मेन स्टँड लावा, पुढचं चाक उचला, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. पॅडची किंचित घासण चालेल, पण चाक अडता कामा नये.

एकाची गाडी अशीच पुढून धरत होती. त्याने कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची, सीलं बदलली. नंतर पॅड बदलले. नंतर तर अख्खा कॅलिपर नवा आणून बसवला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे जायचे आणि पुन्हा चाक धरायचं. दोष निघाला ब्रेक ऑइलच्या रबरी नळीत, म्हणजे होजमध्ये. वयाने होजचं आतलं अस्तर फुगलं होतं. लिव्हरच्या जोरावर ऑइल पुढे जायचं, पण परत येताना वाट बंद व्हायची. बाहेरून होज अगदी ठणठणीत दिसत होता.

हे शोधायला पार्ट बदलावे लागत नाहीत, एक पाना पुरतो. चाक धरलेलं असताना आधी मास्टर सिलिंडरकडचा (लिव्हरजवळच्या ब्रेक ऑइलच्या पंपाकडचा) होजचा बोल्ट किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये, बहुधा परतीचं बारीक छिद्र बुजलंय. नाही सुटलं तर बोल्ट आवळा आणि कॅलिपरचं ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडा. आता सुटलं तर होज खराब. तरीही नाही सुटलं तर कॅलिपरचे पिस्टन किंवा पिना गंजल्यात. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. मग दोन्ही जोड नीट आवळून एअर काढल्याशिवाय गाडी हलवू नका. जुन्या गाडीचा मूळ रबरी होज मी तपासतच बसत नाही, सरळ बदलतो.

ब्रेक ऑइलचंही तेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हवेतली ओल शोषतात. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर त्याची हमी १५५ अंशांचीच असते. लांबच्या घाटउतारावर ते उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. झाकणावर जे लिहिलंय तेच टाका.

ड्रम ब्रेकच्या गाड्यांत शू बाहेर काढून बघा. जुन्या शूवरचं लायनर गोंद सुटून निखळू शकतं आणि ड्रममध्ये अडकलं तर चाक जागच्या जागी लॉक होतं. आतली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. कॅमला ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच.

बाकीच्या, थोडक्यात

टायर: नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. टायरच्या बाजूवर 'डॉट' अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो २००० सालाच्या आधीचा, त्यावर बसायचंही नाही. बाजूला बारीक भेगा दिसल्या किंवा नखाने दाबून रबर लाकडी लागलं तर बदला. हवा टायर गार असतानाच मोजा.

बॅटरी: १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर चार्जिंग काढून काही तासांनी १२.६ किंवा वर दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. चार्जिंग सावकाश, क्षमतेच्या एक दशांश करंटने. चालू कारला वायर जोडून जुन्या मोटरसायकलला झटका देऊ नका. आणि आधी गाडी ६ व्होल्टची तर नाही ना, ते बघा.

वायरिंग: दिवे मंद, हॉर्न घोगरा, इंडिकेटर आळशी, असं सगळं एकदम दिसलं की नवे पार्ट आणायच्या आधी अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा धातू चकचकीत घासा. निम्मी दुखणी तिथेच संपतात.

क्लच: बरेच दिवस उभ्या गाडीच्या क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी उडी मारते. इंजिन बंद ठेवून गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी पुढे-मागे ढकला. 'टक्' झालं की सुटल्या.

इंजिन ऑइल: कारचं ऑइल घालू नका. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि इंधन वाचवणाऱ्या कारच्या ऑइलमधल्या रसायनांनी तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठीच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या.

चेन: नवखे हमखास जास्त ताणतात. चाक फिरवत जा, चेन जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे मोजा आणि मॅन्युअलमध्ये दिलेली ढील ठेवाच. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. ओ-रिंगच्या, म्हणजे कड्यांत बारीक रबरी रिंगा असलेल्या चेनला तारेचा ब्रश लावू नका.

ॲक्सिलरेटर केबल: इंजिन सुरू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस वाढली तर केबल ओढली जातेय. सोडल्यावर मूठ झटकन परत आली पाहिजे, कुठल्याही कोनात.

एअर फिल्टर: उघडून बघाच. उंदरांनी घर केलेलं असतं, नाहीतर जुना फोम हाताला लागताच भुगा होतो आणि तोच भुगा इंजिन ओढून घेतं.

फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप): नळ्यांवर तेलाची कडी दिसली तर सील गेलंय. ते तेल ओघळून डिस्कवर जातं, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

पहिल्याच दिवशी लांब जाणं

सगळं केल्यावरही मी पहिली फेरी घराच्या आसपासच मारतो, रिकाम्या रस्त्यावर. परत आल्यावर गाडी बंद करून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेतो. डिस्कला थेट हात लावू नका, भाजतं. ब्रेक फारसा वापरलेला नसताना एक बाजू तापलेली असेल तर तो धरतोय. मग ॲक्सल, कॅलिपर, हँडल आणि इंजिन माउंटिंगचे नट पान्याने पुन्हा तपासायचे, चेनची ढील बघायची. गाडी सरळ उभी करून ऑइलची पातळीही बघायची. ती सकाळपेक्षा वर गेली असेल तर बॅग भरायची नाही, कार्ब्युरेटर पुन्हा खोलायचा.