"आठ दिन का काम है": नव्या छोट्या घराच्या प्लंबिंगचे दिवस मोजताना या चुका टाळा

इंदूरमध्ये प्लंबरला किती दिवस लागतील असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "भिया, आठ दिन का काम है." प्लॉट 15 बाय 50 चा असो की 20 बाय 50 चा, दिवस आठच. बरं, तो काही फसवत नसतो. हातात छिन्नी किंवा पाइप असेल तेवढेच दिवस तो धरतो, आणि आपण मात्र भिंतीवरचं कालनिर्णय बघून वास्तुशांतीची तारीख काढतो. मी छोट्या घरांच्या साइट बघतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हाच आठाचा आकडा मीही लोकांना सांगत होतो आणि बोलणी खात होतो.

स्क्वेअर फुटावरून दिवस काढणं

ही सर्वांत मोठी चूक. दोन बाथरूमचं 700 फुटांचं घर एका बाथरूमच्या 1100 फुटांच्या घरापेक्षा जास्त दिवस खातं. मोजायचे ते पॉइंट, म्हणजे पाण्याची जोडणी लागणाऱ्या जागा. एका बाथरूमचेच बघा: वॉल मिक्सरचे दोन (गरम आणि थंड, लोक इथे एकच धरतात), शॉवरचा एक, गिझरचे दोन, बेसिनचे दोन, जेटचा एक, फ्लश टाकीचा एक, बादलीच्या नळाचा एक. झाले दहा. दोन बाथरूमचे वीस. स्वयंपाकघरात सिंकचे दोन आणि आरओचा एक, वॉशिंग मशीन आणि धुणं-भांडी मिळून दोन, गच्ची आणि पार्किंगचा एकेक नळ. म्हणजे सत्तावीस. मालकांनी मला सांगितलेला आकडा बहुतेक वेळा "पंधरा-सोळा" असतो.

एक मिस्त्री आणि एक हेल्पर अशी जोडी धरून या सत्तावीस पॉइंटांचा माझा हिशेब असा असतो. मार्किंग आणि झिऱ्या (पाइपासाठी भिंतीतल्या खाचा) कापणं तीन दिवस, सीपीव्हीसीची (गरम-थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपाची) लाइन आणि टेस्टिंग चार, आतला ड्रेनेज आणि न्हाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली पाणी जाण्याची मोरी) दोन, गच्चीची टाकी, हौद आणि मोटर दोन, बाहेरची लाइन दोन, शेवटचं फिटिंग तीन. एकूण सोळा दिवस, म्हणजे मिस्त्रीच्या सोळा रोज्या आणि हेल्परच्याही सोळा. खड्डे खणणारा मजूर आणि चेंबर बांधणारा गवंडी यात नाहीत. (या ट्रॅपला इथले हिंदी बोलणारे मिस्त्रीही "नहानी ट्रॅप"च म्हणतात. आपली न्हाणी मराठी घरांतून गेली, पण हार्डवेअरच्या बिलावर टिकली.)

सोळा दिवस सलग धरणं

प्लंबर एकदा येऊन काम उरकून जात नाही. त्याच्या निदान तीन फेऱ्या होतात. पहिली प्लास्टरच्या आधी. दुसरी बाथरूमचा खड्डा भरण्याच्या आणि वॉटरप्रूफिंगच्या सुमारास. तिसरी टाइल्स आणि रंगाचा पहिला हात झाल्यावर. मधल्या काळात गवंडी आणि टाइल्सवाला आपापल्या गतीने चालतात. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून दोन दिवस नुसतं बघत बसायचं असतं. 5 बाय 7 च्या बाथरूममध्ये दोन इंच पाणी म्हणजे साधारण 165 लिटर. तेही नळ एक दिवसाआड येणाऱ्या वस्तीत आधीच साठवून ठेवावं लागतं. हे सगळं धरलं की सोळा दिवसांचं काम अडीच-तीन महिन्यांत पसरतं. मजुरी सोळा दिवसांची द्या, पण वास्तुशांतीचं बोलणं तीन महिन्यांच्या हिशेबाने करा.

शिवाय प्रत्येक फेरीला मिस्त्री दुसरी साइट सोडून येतो. तुम्ही "उद्या या" म्हणालात म्हणून तो उद्या येत नाही. टाइल्स संपायच्या चार दिवस आधी फोन करा.

डायव्हर्टर किती खोल बसवायचा

ही चूक माझ्या स्वतःच्या साइटवर झाली. सुदामा नगरच्या बाजूला एका काकूंच्या घरी मिस्त्रीने डायव्हर्टरची (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत गाडलेला व्हॉल्व्ह) बॉडी विटेला समतल बसवली. दिसायला छान, एका रेषेत. त्यावर प्लास्टर चढलं, मग टाइलचा मसाला, मग टाइल. फिटिंगच्या दिवशी बघतो तर बॉडी दीड इंच आत! हँडल पोचेना, वरची प्लेट बसेना. दोन टाइल्स फोडल्या. त्या शेडच्या टाइल्स दुकानात संपल्या होत्या. अर्ध्या तासाची चूक निस्तरायला तीन दिवस गेले, आणि काकू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "तुम्ही होतात ना तिथे?"

डायव्हर्टरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा खुणा असतात. तयार टाइलचा चेहरा त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. त्यासाठी आधी गवंड्याकडून प्लास्टरच्या जाडीचे ठिय्ये मारून घ्या, त्यावर टाइलचा तुकडा धरा आणि मगच बॉडी पक्की करा. मार्किंगच्या दिवसांत यासाठी अर्धा दिवस वेगळा लिहा.

कमोडचंही तसंच. एस ट्रॅप (खाली जमिनीत जाणारा) की पी ट्रॅप (मागे भिंतीत जाणारा), आणि एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून 9 इंच की 12 इंच, हे दुकानात ठरवून मगच पाइप टाका. "कमोड नंतर बघू" म्हणणाऱ्यांच्या अंदाजात मी गुपचूप दोन दिवस वाढवून ठेवतो.

सामानाच्या फेऱ्या

एक पितळी एल्बो कमी पडला की हेल्पर सियागंजच्या बाजाराला निघतो. बायपासकडून जाऊन येईपर्यंत अर्धा दिवस संपतो आणि मिस्त्री बिडी ओढत बसतो. रोजी दोघांची चालू असते. यादी पॉइंटवरून काढा, एल्बो आणि टी थोडे जास्तच आणा आणि उरलेले परत घेण्याचं दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.

दोन पाणी, दोन लाइनी

नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी घराच्या हौदात पडतं, मोटरने वर जातं. बोअरचं पाणी वेगळं येतं. पिण्याचं आणि वापरायचं वेगळं ठेवायचं तर टाक्या दोन, चढत्या लाइनी दोन, उतरत्याही दोन. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेला अंदाज इथे दोन-तीन दिवसांनी कमी पडतो तो यामुळे.

फाल्गुन आणि पावसाळा

खोदकामाचे बरेच मजूर झाबुआ-अलीराजपूरकडचे. होळीच्या आधीचा आठवडा भगोरियाचा, म्हणजे तिकडच्या आदिवासी जत्रांचा, ते गावी जाणारच. त्यानंतर होळी, मग रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक). फाल्गुनात बाहेरची लाइन धरूच नका. पावसाळ्यात तर नकोच नको. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, चराच्या कडा ढासळतात आणि कालचा उतार आज राहत नाही. 110 एमएमच्या पाइपला दहा फुटांना दोन ते तीन इंच उतार लागतो. तो चिखलात राखता येत नाही.

टेस्टिंगला दिवस न देणं

जॉइंटचं सॉल्व्हंट सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. आम्ही सरळ एक रात्र देतो, थंडीत जास्त. मग गिझरचे दोन पॉइंट होजने जोडून गरम-थंड लाइन एक करायची, हवा काढायची, हाताने चालवायच्या टेस्टिंग पंपाने 7 ते 10 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब द्यायचा आणि रात्रभर ठेवायचा. दाब पाण्याचाच. कॉम्प्रेसरची हवा प्लास्टिकच्या पाइपात भरणं धोक्याचं असतं, पाइप फुटला तर तुकडे उडतात.

सकाळी पंपावरच्या दाबाचा काटा उतरलेला दिसला तर लगेच भिंत फोडू नका. आधी डमी प्लग (पॉइंटांची तोंडं तात्पुरती बंद करणारी बुचं) बघा, निम्म्या वेळा तिथेच टेफ्लॉनची पट्टी कमी असते. मग पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्ह. मग प्रत्येक जॉइंटवर कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा फिरवा, ओल कागदावर लगेच उमटते. तरीही सापडलं नाही तर गिझरजवळचा होज काढून दोन्ही बाजू बंद करा आणि गरम-थंड वेगवेगळ्या तपासा. काटा स्थिर राहिला की उजेड चांगला असताना प्रत्येक भिंतीचा मोजायचा टेप लावून फोटो काढा आणि गवंड्याला हो म्हणा. पुढे आरसा ठोकायला ड्रिल घेऊन कोणी उभं राहिलं की हाच फोटो शोधला जातो.