ऑब्सिडियनची हत्यारं कुठून आली हे शोधताय? मग या चुका टाळा

समोर टेबलावर पात्याचा एक तुकडा आहे. काळा, लांबीला जेमतेम दीड सेंटीमीटर, रुंदीला सहा-सात मिलिमीटर, दिव्यासमोर धरला की कडा धुरकट काचेसारखी दिसते आणि धार अजून अशी की बेसावधपणे बोट फिरवलं तर रक्त येणारच. हा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, लाव्हा इतका झटपट थंड झाला की स्फटिक धरायला सवडच मिळाली नाही. जिथे सापडला तिथून ऑब्सिडियनचा सगळ्यात जवळचा डोंगर काहीशे किलोमीटर लांब. साहजिकच पहिला प्रश्न येतो, हा इथे आला कसा? आणि घाई इथेच होते. एक्सआरएफ मशीनसमोर (एक्स-रे टाकून दगडात कुठलं मूलद्रव्य किती आहे ते मोजणारं यंत्र) ठेवला, आकडे आले, ग्राफवर ठिपका एका डोंगराच्या गोळ्यात, म्हणजे त्या डोंगराच्या नमुन्यांच्या ठिपक्यांच्या घोळक्यात पडला की वाक्य तयार, "या गावाचा त्या डोंगराशी व्यापार होता." मशीनने सांगितलेलं असतं एवढंच, की या तुकड्याची केमिस्ट्री त्या डोंगराच्या काचेशी जुळते. व्यापार हा शब्द आपला.

पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात आता हे मशीन सहज येतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं. १९६४ मध्ये कॅन आणि रेनफ्रू या संशोधकांनी भूमध्य समुद्राच्या भागातल्या ऑब्सिडियनचं रासायनिक विश्लेषण करून दाखवलं की बेरियम, झिर्कोनियम असल्या अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांवरून दगडाचं मूळ ओळखता येतं. हे जमतं कारण एका प्रवाहातली काच बऱ्यापैकी एकसारखी असते आणि दुसऱ्या ज्वालामुखीतली तिच्यापेक्षा वेगळी. लिपारी, पँटेलेरिया, सार्डिनियातला मोंते आर्ची, एजियन समुद्रातलं मीलोस, तुर्कस्तानातले ग्योल्लू दाग (दाग म्हणजे डोंगर), नेनेझी दाग, बिंग्योल, नेमरुत दाग, ही नावं या विषयात सारखी येतात.

नुसत्या रंगावर जाऊ नका

मेक्सिकोतल्या पाचुकाच्या ऑब्सिडियनला सोनेरी हिरवी झाक असते, अनुभवी माणूस ते डोळ्यांनी ओळखतो आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. पण हा नशिबाचा भाग झाला. पूर्व तुर्कस्तानात बिंग्योलचा एक प्रकार हिरवा आणि नेमरुत दागचाही हिरवा, दोघांमध्ये अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि हे दोन नुसते दिसायला सारखे नाहीत तर केमिस्ट्रीतही इतके जवळचे की साध्या ग्राफवर एकात एक मिसळतात. तिथे "हिरवा आहे म्हणजे बिंग्योल" असं लिहिलं तर दगडाचा प्रवास दाखवणारा नकाशावरचा बाण चुकीच्या डोंगराकडून निघतो आणि पुढचे दहा जण तोच बाण कॉपी करतात. काळ्या दगडाबद्दल तर बोलायलाच नको, काळा ऑब्सिडियन जवळपास सगळीकडे मिळतो. डोळ्यांनी गट पाडा, जरूर पाडा, हजारो तुकड्यांमधून नमुने निवडायला त्याचा फार उपयोग होतो, फक्त त्या गटाला लगेच डोंगराचं नाव देऊ नका.

मशीनसमोर ठेवताना होणाऱ्या चुका

इथे जरा थांबून सांगतो, कारण निम्मं काम इथेच बिघडतं.

एक म्हणजे तुकडा फार छोटा किंवा पातळ असणं. साधारण एक सेंटीमीटरपेक्षा कमी रुंद आणि दोन मिलिमीटरपेक्षा पातळ तुकड्यांचे आकडे खाली येतात. कारण साधं आहे. झिर्कोनियम, नायोबियम यांचे एक्स-रे जास्त ऊर्जेचे, ते दगडाच्या आतल्या खोल भागातूनही बाहेर येतात, आता दगड तेवढा जाडच नसेल तर तिथून यायचं काय? शिवाय तुकडा मशीनच्या किरण सोडणाऱ्या खिडकीपेक्षा लहान असेल तर किरण बाजूने निसटतात ते वेगळंच. मग काय होतं, छोटी पाती ग्राफवर ओळीने खाली सरकत जातात आणि नवशिक्याला वाटतं की नवीन सोर्स सापडला! माझंही सुरुवातीला हेच झालं होतं, एका ट्रेमधली अकरा पाती वेगळ्याच गोळ्यात पडली आणि दोन दिवस मी खूप आनंदात होतो, नंतर कॅलिपरने जाडी मोजली तेव्हा कळलं की सगळी दीड मिलिमीटरच्या आतली आहेत. उपाय असा की नुसते पीपीएम (दहा लाखात किती भाग) न बघता शेजारशेजारच्या मूलद्रव्यांची गुणोत्तरं बघायची, रुबिडियमला स्ट्रॉन्शियमने भागा, झिर्कोनियमशी तुलना करा, गुणोत्तर पातळ तुकड्यातही बऱ्यापैकी टिकतं. आणि प्रत्येक तुकड्याची जाडी-रुंदी त्याच तक्त्यात लिहून ठेवा, म्हणजे कोण का सरकलं ते नंतर दिसतं.

दुसरं, घाण. जमिनीत राहिलेल्या दगडावर चुनखडीचा पांढरा थर बसतो, कॅल्शियमच्या मागोमाग त्यात स्ट्रॉन्शियमही येतं, म्हणजे आपण ज्याच्यावर विसंबून आहोत तोच आकडा फुगतो. म्युझियममधल्या जुन्या वस्तूवर नंबर टाकायला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलेला असतो, त्यावर नेम धरला तर मशीनच्या आलेखात टायटॅनियमचं भलंमोठं शिखर दिसणार, तो टायटॅनियम रंगातला असतो. सपाट, स्वच्छ बाजू निवडा, पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ करा आणि तेही संग्रहालयाची परवानगी घेऊनच, आणि त्याआधी विचारा की वापराच्या खुणा किंवा धारेवर चिकटलेले अवशेष कुणाला तपासायचे आहेत का. एकदा धुतलं की ते गेलं.

तिसरी चूक मशीनवर डोळे झाकून ठेवलेल्या विश्वासाची. फॅक्टरीतून येणारा 'सॉइल मोड' मातीसाठी बनवलेला असतो, काचेसाठी नाही. शिवाय शिखरं एकमेकांवर चढतात. रुबिडियमची एक रेषा १४.९६ केईव्हीवर (एक्स-रेच्या ऊर्जेचं माप) येते आणि यट्रियमची मुख्य रेषाही नेमकी तिथेच, तसंच स्ट्रॉन्शियमची एक रेषा झिर्कोनियमच्या मुख्य रेषेला घासून जाते. सॉफ्टवेअरने ही वजाबाकी नीट केली नाही तर रुबिडियम जास्त असलेल्या प्रत्येक दगडात यट्रियम आपोआप वाढलेला दिसेल. म्हणून रोज काम सुरू करताना आणि संपवताना ज्याचे आकडे आधीच पक्के माहीत आहेत असा एक नमुना मोजायचाच. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचा आरजीएम-२ हा कॅलिफोर्नियातल्या ग्लास माउंटनचा नमुना यासाठी सर्रास वापरतात, त्यात रुबिडियम दीडशे पीपीएमच्या आसपास यायला हवा. सकाळी १५० आणि संध्याकाळी १३० आला तर दिवसभराचे आकडे बाजूला ठेवा, कितीही जीवावर आलं तरी. आणि तो नमुन्याचा आकडा रिपोर्टमध्ये छापा, नाहीतर दुसऱ्या लॅबला तुमच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून बघता येत नाहीत.

"जवळचा तो आपला" हे इथे चालत नाही

सोर्सचा डेटाबेस अपुरा असतो, प्रत्येक डोंगराचे नमुने कुणीतरी जाऊन आणलेले असतातच असं नाही. पण डिस्क्रिमिनंट ॲनालिसिससारखी (तुकडे ठरलेल्या गटांत वाटणारी) सांख्यिकी पद्धत प्रत्येक तुकड्याला कुठल्यातरी गटात बसवतेच, "यातला कुठलाच नाही" हे उत्तर तिच्याकडे नसतं. तेव्हा आधी साधे दोन-दोन मूलद्रव्यांचे ग्राफ काढून डोळ्यांनी बघा, ठिपका गोळ्याच्या बाहेर असेल तर तक्त्यात 'अज्ञात' लिहा. अज्ञात लिहिण्यात काहीही कमीपणा नाही, पुढे कुणी नवीन डोंगराचे नमुने आणले की तुमचा अज्ञात तुकडा लगेच घरी जातो, पण चुकीच्या नावाने खपवलेला तुकडा परत कुणी तपासत नाही.

याच्याच पोटात अजून एक गोष्ट, सोर्स म्हणजे डोंगर असं धरून चालू नका. सार्डिनियाच्या मोंते आर्चीवर एकाच डोंगरात केमिस्ट्रीने वेगळे असे चार गट आहेत, आणि पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट टायकॉट यांच्या कामातून दिसलं की नवाश्मयुगाच्या सुरुवातीला आणि शेवटी लोक त्यातले तेच गट त्याच प्रमाणात वापरत नव्हते. नुसतं 'सार्डिनिया' लिहिलं असतं तर हा अख्खा बदल दिसलाच नसता. उलट बाजूने, नदी दगड वाहून नेते, एखाद्याला तो डोंगराच्या कितीतरी खाली नदीपात्रात मिळालेला असू शकतो. गोट्यासारखी गुळगुळीत झिजलेली साल तुकड्यावर शिल्लक असेल तर ती नदीची खूण, ती नोंदवायला विसरू नका.

ऑब्सिडियनची पद्धत सगळ्या दगडांना लावू नका

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी हे मुद्दाम. महाराष्ट्रात आपला दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये भरलेले कॅल्सेडनी, अकीक, गारगोटी असे सिलिकाचे दगड. बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, थरावर थर, तिथे मशीन लावून "हा अमुक टेकडीचा" म्हणणं फार धाडसाचं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या लोकांची दगडी पाती मुख्यतः कॅल्सेडनीची आणि तो दगड आसपासच मिळतो. अशा ठिकाणी दगड लांबून आला का हा प्रश्नच पहिला नसतो, पाती कोण पाडत होतं, घरोघरी की मोजके कारागीर, हा जास्त कामाचा प्रश्न.

चर्टचं, म्हणजे चकमकीसारख्या कठीण दगडाचं, दुखणं वेगळं. सिंधमध्ये सक्करजवळच्या रोहरी टेकड्यांचा चर्ट हडप्पा संस्कृतीत लांबलांबपर्यंत जायचा, त्याची लांब सरळ पाती गुजरातमधल्या हडप्पाकालीन वस्त्यांमध्येही मिळतात. पण चर्ट गाळातून तयार होतो, एकाच टेकडीत, कधीकधी एकाच गोट्यात केमिस्ट्री बदलते. एका ठिकाणी मोजलेल्या एका आकड्यावरून 'रोहरी' म्हणू नका, पोत, रंगाचे पट्टे, पातळ छेद (दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), जमलं तर लेझर वापरून अनेक ठिकाणचं मोजमाप, हे सगळं एकत्र धरूनच बोला.

सोर्स कळला, पण व्यापार?

आता मूळ दुखण्यावर येतो. समजा सगळं बरोबर झालं, तुकडा नक्की त्या डोंगराचा आहे. तरी तो हातोहात गावागावातून सरकत आला, की इथले लोक स्वतः जाऊन घेऊन आले, की लग्न होऊन आलेल्या कुणाच्या गाठोड्यातून आला, हे केमिस्ट्री सांगत नाही. ग्रीसमधल्या फ्रँखथी गुहेत सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी मीलोसचा ऑब्सिडियन पोचला होता, मीलोस तेव्हाही बेटच होतं, म्हणजे होडीने कुणीतरी गेलं होतं हे पक्कं. शेती यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! मला आजही हे वाचताना अंगावर काटा येतो. पण ते शिकारी लोक स्वतः गेले की कुणाकडून घेतलं, हे त्या काचेत लिहिलेलं नाही.

रेनफ्रू आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आशियात दाखवलं की डोंगरापासून साधारण ३०० किलोमीटरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये छिललेल्या दगडांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ऑब्सिडियन असतो आणि त्यापुढे प्रमाण झपाट्याने घसरतं, त्यावरून हातोहात देवाणघेवाणीचं मॉडेल आलं. मॉडेल सुंदर आहे, पण पुढे हॉडर आणि ऑर्टन या पुरातत्त्वज्ञांनी दाखवलं की वेगवेगळ्या प्रकारच्या हालचालींतूनही तशीच घसरण तयार होऊ शकते. म्हणजे वक्र जुळला म्हणून कारण सिद्ध झालं असं नाही.

आणि सरासरी काढताना एकाच ढिगाऱ्याने फसू नका. अमेरिकेत ओहायोमधल्या होपवेल नावाच्या प्राचीन मूलनिवासी संस्कृतीच्या लोकांनी उभारलेल्या एका टेकाडात सव्वाशे किलोहून जास्त ऑब्सिडियनचे छिलके एकत्र मिळाले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्या भागातला बराचसा ऑब्सिडियन थेट यलोस्टोनचा, दोन हजार किलोमीटरहून लांबचा. एवढा माल म्हणजे नियमित व्यापारी मार्ग असणार असं कुणालाही वाटेल, पण पुरातत्त्वज्ञ ग्रिफिन यांनी शक्यता मांडली होती की हे सगळं एकाच मोठ्या प्रवासात आणलेलं असू शकतं. म्हणून तुकड्यांची संख्या आणि वजन दोन्ही द्या, आणि किती जागी सापडले तेही. इंग्लंडमध्ये लँगडेलच्या हिरवट दगडाच्या कुऱ्हाडी देशभर मिळतात, तिथे तर हिमयुगातल्या बर्फाने दगड वाहून नेला का हा वाद झाला, अशी नैसर्गिक वाट आधी तपासून बाजूला काढावी लागते.

मग करायचं काय? दगड कुठल्या अवस्थेत आला ते बघा. साल असलेले छिलके, गाभे (ज्यातून पाती पाडतात तो मूळ गोळा), मोडलेली पाती, बारीक कचरा, सगळं आहे का? की फक्त तयार पाती आहेत आणि कचरा अजिबात नाही? कचरा नसेल तर पाती दुसरीकडे पाडून आणलेली. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या नवाश्मयुगीन वस्तीत ग्योल्लू दागचा माल अर्धवट घडवलेल्या टोकांच्या रूपात यायचा आणि घरांच्या जमिनीखाली पुरून ठेवलेले त्याचे साठे मिळालेत, हे कळलं ते माती चाळून आणि छिलके मोजून, नुसत्या मशीनने कळलं नसतं. म्हणून चाळणी बारीक जाळीची वापरा, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे कण फेकू नका.

शेवटी संदर्भ. बुंदेलखंडात बांद्याकडे नवाश्मयुगीन घासलेल्या कुऱ्हाडी पिंपळाखाली महादेव म्हणून पुजलेल्या सापडल्या होत्या. ज्याने ती कुऱ्हाड घडवली आणि ज्याने ती झाडाखाली ठेवली त्या दोघांमध्ये हजारो वर्षं आहेत, आणि तिचा शेवटचा प्रवास भाविकाने केलेला आहे. तेव्हा पिशवीवरच्या चिठ्ठीत थराचा नंबर नसेल, नुसतं 'पृष्ठभागावर' लिहिलं असेल, तर तो तुकडा मोजा, आकडे द्या, पण नकाशावरच्या बाणात त्याला धरू नका.