ग्रंथपालाची पहिली नोकरी: चार्जच्या कागदावर सही करण्याआधी

एम.लिब. झालं, सेट किंवा नेटही पदरात पडलं आणि आता महाविद्यालयात पहिली नेमणूक मिळाली आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सोल की कोहा, हे तुम्हाला येतंच.

‘पुस्तकांत बसायचं, त्यात कसला आलाय ताण?’ हे नातेवाइकांकडूनही ऐकाल आणि स्टाफरूममध्येही. ऐकून सोडून द्या. जूनमध्ये बुक बँकेची रांग, परीक्षेनंतर नो ड्यूजची रांग, मध्ये नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, शिवाय ‘मॅडम मोकळ्याच असतात’ म्हणून परीक्षा विभागाची कामं. यातलं बरंचसं अंगवळणी पडतं. मला झोपू दिलं नाही ते या कामांनी नव्हे, चार्जनं, म्हणजे ग्रंथालयाचा ताबा घेण्यानं.

आधीचे ग्रंथपाल निवृत्त झालेले, मधली काही वर्षं पद रिकामं, कारभार एका लिपिकाकडे. मी रुजू होताच तयार कागद समोर आला: ‘दाखल नोंदवहीप्रमाणे सर्व ग्रंथ मिळाले.’ (दाखल नोंदवही म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवण्याची वही.) सही झाल्याशिवाय रुजू अहवाल पुढे जाणार नव्हता. पुढे पडताळणीत पुस्तकं कमी निघाली तेव्हा उत्तर एकच: ताब्यात तुम्ही घेतलीत. पगारातून वसुली होईल या धास्तीनं छातीत धडधडायचं. घरी जेवताना डोक्यात दाखल क्रमांक फिरायचे. कामाचा थकवा रविवारी उतरतो, ही धास्ती उतरत नाही.

म्हणून हे नीट वाचा. मोजल्याशिवाय ‘मिळाले’ लिहू नका. कागदावर हातानं लिहा: ‘नोंदवहीनुसार ग्रंथसंख्या अमुक. प्रत्यक्ष पडताळणी झालेली नसल्याने, पडताळणीच्या अधीन राहून कार्यभार स्वीकारत आहे.’ मग सही, तारीख. त्याच दिवशी पडताळणीसाठी माणसं आणि मुदत मागणारा अर्ज प्राचार्यांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. कार्यालय कुरकुर करेल. करू दे. ‘सही करून टाक, नंतर बघू’ म्हणणारे अनुभवी लोक भेटतील; त्यांचा सल्ला मी तरी मानू नका म्हणेन, कारण ‘नंतर’ बघायला ते नसतात.

पडताळणीत पुस्तक सापडलं नाही म्हणजे लगेच हरवलं असं नसतं. विभागांची कपाटं, बांधणीला गेलेले गठ्ठे, निवृत्त प्राध्यापकांच्या नावावरच्या जुन्या नोंदी, सगळं पाहा. तरीही काही कमी भरणारच, आणि ते नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ काढून वाचा. वर्षभरात देवघेव किंवा वाचनासाठी दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानता येते, मात्र तीत अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. म्हणजे ८,००० ग्रंथांची देवघेव असेल तर ४० पर्यंत. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी होतेच. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर पडताळणी दरवर्षी, ५०,००० पर्यंत निदान तीन वर्षांतून एकदा. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत. तुम्हाला विद्यापीठाचे आणि राज्याचे नियम पाहावे लागतील. पण ग्रंथालय समितीपुढे निर्लेखनाचा, म्हणजे गहाळ पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा ठराव मांडताना असा छापील आधार हाती असला की आवाज कापत नाही. मला पहिल्यांदा शांत झोप लागली ती हा नियम वाचल्यावर.

नॅकचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या महाविद्यालयाची तयार फाईल मिळवून नावं बदलणं हा रस्ता मला मुळीच पटत नाही. समितीनं एक प्रश्न विचारला की तो संपतो. दर महिन्याला वाचकसंख्या आणि एन-लिस्टच्या (महाविद्यालयांना ई-पुस्तकं, ई-नियतकालिकं देणारी सेवा) वापराचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रात्री जागाव्या लागत नाहीत. तोंडी सांगितलेलं जादा काम लेखी मागा, नम्रपणे, पण दर वेळी.

आणि एवढं करूनही झोप उडाली, भूक मेली, सकाळी कॉलेजची पायरी चढवेना, तर अंगावर काढू नका. ताण-व्यवस्थापनाच्या ऑनलाइन कार्यशाळेचं प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो. डॉक्टरकडे जा. यात कमीपणा काही नाही, आणि यातून माणसं बाहेर येतात.

मार्गदर्शक शोधत असाल तर माझं मत ऐका: चर्चासत्रातल्या मोठ्या नावांआधी आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या परिचर मामांजवळ बसा. कोणत्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, कुठल्या सरांकडे पुस्तकं अडकली आहेत, मागची मोजणी खरंच झाली होती की कागदावरच, हे त्यांना माहीत असतं. चार्ज घेण्याच्या आदल्या दिवशीच विचारा.