शून्य मिनिटाची डिश : केरॅटिनोसाइटवर ईजीएफआरचं काम सुरू करताना

या विषयात नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) बहुतेक वेळा असा येतो : ईजीएफ हा वाढीचा संदेश देणारा रेणू दिलेल्या लेनमध्ये फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेलं ईआरके हे संदेशवाहक प्रथिन, ठळक, आणि ज्या डिशला काहीच दिलं नाही त्या शून्य मिनिटाच्या लेनमध्येही जवळजवळ तितकाच ठळक. मग ते प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर खापर फुटतं. अँटिबॉडी बहुधा ठीक असते. केरॅटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या बाह्य थरातल्या पेशी, स्वतःच टीजीएफ-अल्फा, अँफिरेग्युलिन, एचबी-ईजीएफ हे ईजीएफचे भाऊबंद बनवतात. हे रेणू आधी पेशीपटलाला जोडलेले असतात. एडॅम१७ सारखी एन्झाइम्स ते कापून मोकळे करतात आणि तीच पेशी किंवा तिची शेजारीण ते पकडते. म्हणजे तुम्ही पिपेट उचलण्याआधीच ईजीएफआर, म्हणजे हे रेणू पकडणारा पेशीवरचा रिसेप्टर, थोडाफार चालू असतो. नुसतं मीडिया (पेशी ज्यात वाढवतात तो पोषक द्रव) बदलणं किंवा डिश जोरात हलवणं एवढ्यानंही तो आणखी पेटतो.

रिसेप्टर सुमारे १७० किलोडाल्टनचा. लिगँड, म्हणजे त्याला चिकटणारा ईजीएफसारखा रेणू, बसला की दोन रिसेप्टरांची जोडी जमते आणि ते एकमेकांच्या आतल्या बाजूच्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतात. तिथून संदेशाची एक वाट रास-राफ-मेक-ईआरके या प्रथिनांच्या साखळीची, दुसरी पीआय३के-एकेटीची. पण इथं एक गल्लत फार होते. पाच मिनिटांत चमकलेला ईआरके म्हणजे विभाजन नव्हे. सायक्लिन डी१ हे प्रथिन वाढून पेशी जी१ (विभाजनचक्रातली डीएनए दुप्पट होण्याआधीची अवस्था) ओलांडायची, तर हा संदेश काही तास टिकावा लागतो. म्हणून ५ मिनिटांचा ब्लॉट आणि २४ तासांनंतरची मोजणी ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

त्वचेत हा रिसेप्टर सर्वांत जास्त असतो तळाच्या थरात, जिथं पेशी विभागतात. वर सरकत पेशी पक्व होतात तसा तो कमी होतो. सोरायसिस या त्वचारोगात तो वरच्या थरांतही टिकून राहतो. उलट बाजू कर्करुग्णांत दिसते : सेटुक्सिमॅब किंवा एर्लोटिनिब ही ईजीएफआर रोखणारी औषधं सुरू केल्यावर पहिल्या एकदोन आठवड्यांतच चेहऱ्यावर, छातीवर मुरुमांसारखं पुरळ उठतं. औषध ट्यूमरसाठी दिलेलं असतं, पण तळाच्या थरालाही तोच रिसेप्टर लागतो.

पेशी निवडताना ए४३१ या कर्करोगाच्या पेशींच्या वाणाचा मोह टाळा. तिच्यावर रिसेप्टर इतके आहेत की बँड सुरेख येतो. पण वाढीच्या प्रयोगात १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ईजीएफनं ती वाढायच्या ऐवजी मंदावते. अँटिबॉडी तपासायला ती उत्तम, सामान्य त्वचेबद्दल बोलायला नाही. सुरुवात हॅकॅट या प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या केरॅटिनोसाइटच्या वाणानं करावी; फक्त तिच्यात पी५३ हा विभाजनाला लगाम घालणारा जनुक बिघडलेला आहे हे निष्कर्ष लिहिताना विसरू नये. प्राथमिक (थेट त्वचेतून काढलेले) केरॅटिनोसाइट वापरत असाल तर कॅल्शियम ०.१ मिलिमोलरच्या खाली ठेवा. डीएमईएम या नेहमीच्या मीडियात ते १.८ असतं, त्यात या पेशी विभागणं सोडून पक्व व्हायला लागतात आणि दोष ईजीएफला लागतो.

ईजीएफची १०० मायक्रोग्रॅमची बाटली १ मिलिलिटर १० मिलिमोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये, ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालून विरघळवावी. बीएसए नसेल तर ईजीएफ ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटतं आणि डोस नकळत घटतो. छोटे भाग करून गोठवा. वापरायच्या दिवशी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं मधलं द्रावण करा. २ मिलिलिटरच्या डिशला त्यातले २० मायक्रोलिटर पुरतात, म्हणजे १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

पेशी ६०-७० टक्के भरल्या की कोमट पीबीएसनं (क्षारांच्या द्रावणानं) दोनदा धुऊन १६ ते २४ तास सीरमविना ठेवा. त्याहून दाट डिश घेतली तर पेशी एकमेकींच्या दाटीनंच थांबलेल्या असतात. ईजीएफ देताना मीडिया बदलू नका. ते थेंबाथेंबानं सोडा, आणि शून्य मिनिटाच्या डिशलाही तितकंच, ईजीएफ नसलेलं द्रावण द्या. वेळा ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं ठेवा, पण सगळ्यात लांबची डिश आधी सुरू करा, म्हणजे सगळ्या एकदमच बर्फावर येतील.

पेशी फोडायच्या द्रावणात, म्हणजे लायसिस बफरमध्ये, १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट हवंच, नाहीतर फॉस्फेटेज ही एन्झाइम्स फॉस्फेट काढून टाकतात. त्याचा साठा पीएच १० ला आणून उकळावा; पिवळा रंग जाऊन पाण्यासारखं स्वच्छ झालं की पीएच पुन्हा तपासावा, रंग परत आला तर पुन्हा उकळावं. पिवळं राहिलेलं द्रावण तसंच वापरलं तर टायरोसिन फॉस्फेटेज नीट रोखले जात नाहीत. ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉटच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध नको, बीएसए घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. तासाभरानं एकूण ईजीएफआरचा बँड फिका पडला तर घाबरू नका : ईजीएफ बसलेला रिसेप्टर पेशी आत ओढून लायसोसोम या पचन करणाऱ्या पिशवीत नष्ट करते. टीजीएफ-अल्फा दिलं तर हाच रिसेप्टर बऱ्याच प्रमाणात पुन्हा पृष्ठभागावर परततो, कारण एंडोसोमच्या (आत ओढलेला रिसेप्टर जिथं आधी पोचतो त्या पिशवीच्या) आम्लात टीजीएफ-अल्फा सुटून जातं.

विभाजन मोजायला एमटीटी या रंगाच्या चाचणीवर एकट्यावर विसंबू नका. ते चयापचय दाखवतं. ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारा खुणेचा रेणू) देऊन एस अवस्थेतल्या, म्हणजे डीएनए दुप्पट करत असलेल्या पेशी मोजा आणि सोबत थेट पेशीगणना करा.

एवढं करूनही शून्य मिनिटाची लेन गडदच राहिली, तर एक जादा डिश घ्या. ईजीएफ देऊ नका, फक्त १ मायक्रोमोलर गेफिटिनिब हे ईजीएफआर रोखणारं औषध तासभर ठेवा. शून्याच्या डिशला तितकंच डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवलं तो द्रव. बँड उतरला, तर तो आवाज पेशींच्या स्वतःच्या लिगँडचा होता. उतरला नाही, तर ईआरके दुसऱ्या कुठल्या वाटेनं पेटतोय, आणि आता शोध तिकडे घ्यायचा.