ड्रॉपशिपिंगसाठी सप्लायर पक्का करायच्या आधी हे बघा

ड्रॉपशिपिंगमध्ये माल आपण स्वतःकडे ठेवत नाही, ऑर्डर आली की सप्लायरच तो थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. म्हणून आधी सॅम्पल मागवाच, आणि तेही मित्राच्या पत्त्यावर साधं गिऱ्हाईक म्हणून मागवा, म्हणजे खरं पॅकिंग कसं येतं ते कळतं. बॉक्स उघडताना नीट बघा, आत सप्लायरचं बिल किंवा त्याच्या दुकानाचं कार्ड निघालं तर तुमचं गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट त्याच्याकडेच जाणार, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. ट्रॅकिंग नंबर खरंच चालतो का तेही तपासा. डॅमेज माल आला तर रिफंड कसा, रिटर्नचा खर्च कोणाचा, हे सगळं चॅटवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कोणी मानत नाही. आणि चालणाऱ्या प्रॉडक्टला २ सप्लायर ठेवा, एकाचा स्टॉक संपला तरी ऑर्डरी अडकत नाहीत.