बंदर नसलेल्या दिवशी काय करायचं

आमच्या भिशीतल्या सहाजणी डिसेंबरात सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर चालल्यात. तेव्हापासून माझा फोन थांबत नाही. प्रश्न सगळ्यांचा एकच. "बंदरावर उतरू, फिरू, ते कळलं गं. पण मधला तो अख्खा दिवस नुसतं पाणी, तेव्हा करायचं काय?" आम्ही दोघं दोनदा जाऊन आलो, एकदा मुंबईहून लक्षद्वीपला आणि एकदा सिंगापूर, पेनांग, फुकेत. इंदुरात सुदामानगरपासून स्नेहलतागंजपर्यंत प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी आमची फजिती ऐका. जहाजावर रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापून येतो, हल्ली बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर दिसतो. पहिल्या वेळी ह्यांनी पेन घेऊन त्यात चौदा गोष्टींवर खुणा केल्या. पैसे भरलेत ना! सकाळी योगा, मग फळांवरचं कोरीवकाम, मग तंबोला, मग नाच शिकवणं. दुपारी चारला आम्ही लिफ्टपाशी उभे, पाय दुखतायत, आणि लक्षात आलं की दिवसभरात समुद्र नीट पाहिलेलाच नाही. तेव्हा खुणा दोनच करा. एक दुपारच्या आत, एक रात्रीची. मधला वेळ मोकळा ठेवा, तो आपोआप भरतो.

सकाळचा नाश्ता. बंदराच्या दिवशी लोक उतरून जातात, पण समुद्रातल्या दिवशी सगळेच्या सगळे जहाजावर असतात, आणि साडेआठ ते साडेनऊ बुफेवर लग्नातल्या पंगतीसारखी झुंबड उडते. एक तर सातला जा, नाहीतर खालच्या डायनिंग रूममध्ये जाऊन बसा. बऱ्याच जहाजांवर तिथेही नाश्ता मिळतो, त्याच पैशात, आणि वाढायला माणूस येतो. पोहे असतीलच असं नाही. असले तरी त्यावर शेव नसते. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणून पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावण मसाल्याची पुडी आणि शेवेची बंद पाकिटं न्या, पण लहान लहान. खारी हवा आहे, फोडलेलं पाकीट दोन तासांत सादळतं. घरचं शिजवलेलं काही नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण त्यावर भागवू नका. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही.

आता बोट लागण्याबद्दल, कारण आमच्या भिशीतल्या माईंना मानपूरच्या घाटातसुद्धा गाडी लागते. जहाजाच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, लाटा मोठ्या असल्या की ते बाहेर काढतात. त्याने कुशीवर डोलणं बरंच कमी होतं. पुढचं टोक वर, मागचं खाली, हे मात्र थांबत नाही. बागेतला सी-सॉ आठवा, टोकावरचा उडतो, मधला नाही. म्हणून खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्यायची. मी काय केलं? मुंबईहून निघाल्यावर दुसऱ्या सकाळी 'व्ह्यू छान आहे' म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी जाऊन बसले आणि मांडीवर मोबाइल घेऊन फोटो चाळत राहिले. वीस मिनिटांत तोंडाला पाणी सुटलं, कानशिलं गार पडली. तिथल्या एका मुलीने मला हाताला धरून खाली नेलं, उघड्या डेकवर उभं केलं आणि दूर आभाळ टेकतं त्या रेघेकडे बोट दाखवलं. तिथेच बघत राहिले, पंधरा मिनिटांनी जीव ताळ्यावर आला. गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच आणा, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या. नंतर घेऊन उपयोग कमी. अवोमिनने गुंगी येते, हेही लक्षात ठेवा. आल्याच्या वड्या पर्समध्ये असू द्या, आणि पोट रिकामं ठेवू नका. उपास त्या दिवशी नको, ताई.

त्याच खालच्या डेकवर माझी जागा ठरून गेली. वर पोहण्याच्या तलावापाशी खुर्च्यांवर सकाळीच टॉवेल टाकून लोक जागा धरतात, गाणी वाजत असतात. खालच्या सावलीत मात्र कोणी नसतं. कठड्यावर मिठाचा चिकट थर असतो, हात ठेवला की कळतो. जहाज पाणी कापत जातं, फेसाची रेघ बाजूला पडते, आणि तिच्यातून एकदम मूठभर चांदी उधळावी तसे उडणारे मासे निघतात. बोटाएवढे, पंख ताठ पसरलेले. पाण्याच्या वर हातभर तरंगत जातात, शेपटीचं टोक पाण्याला टेकवून पुन्हा जोर घेतात आणि मग लाटेत शिरतात. वरच्या बाराव्या मजल्यावरून हे दिसत नाही. मी दीड तास बसले, विणकामाच्या चार ओळीसुद्धा झाल्या नाहीत.

डेकवर साडी नेसून जाऊ नका. वारा पदर हातात ठेवत नाही. बाहेरचे दरवाजे जड असतात, वाऱ्याने आपटतात, चौकटीवर बोटं ठेवू नका. आणि पाण्यात काहीही टाकायचं नाही, चॉकलेटचा कागदसुद्धा नाही. समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहे. इंदूरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको, ओला-सुका करण्यात आपला हात कोण धरणार! नळाचं पाणी पिण्यासारखं असतं. बरंचसं जहाजावरच समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून बनवतात. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा आम्ही बादल्या भरभरून ठेवल्या होत्या, ती सवय अजून आहे. मी खोलीतही दोन बाटल्या भरून ठेवायचे. गरज नसते.

खोलीच्या भिंती पोलादी असतात. राणीपुऱ्याच्या बाजारातून चुंबकाचे हुक घेऊन जा, टोप्या, पर्सा, ओले रुमाल सगळं टांगता येतं. इस्त्री, विजेची किटली नेऊ नका. आमचा एक्स्टेन्शन बोर्ड पावती देऊन काढून घेतला, शेवटच्या दिवशी परत मिळाला. आगीची भीती, दुसरं काय. बिनखिडकीची खोली असेल तर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आहे का बघा. आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवा, उजाडलं की खोलीत उजेड होतो.

फोन चढल्याबरोबर फ्लाइट मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. पण मग फोनचं घड्याळ आपोआप बदलत नाही. फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतहून परतताना रात्री जहाजाचं घड्याळ एक तास पुढे केलं, तशी चिठ्ठीही आली होती. आम्ही ती वाचली नाही. साडेआठ समजून खाली गेलो तर साडेनऊ वाजलेले, डायनिंग रूम बंद. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा.

सुरक्षेची कवायत पहिल्याच दिवशी, जहाज सुटायच्या सुमारास असते. २०१२ साली इटलीत कोस्टा कॉन्कोर्डिया कलंडलं, त्यानंतर हा नियम कडक झाला. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. जागा कुठली ते जिना चढून एकदा बघून या, लिफ्टने नाही.

दुपारी, सगळे झोपलेले असताना, चौकशीच्या खिडकीवर जाऊन आपल्या खात्याचं बिल मागून घ्या. जहाजावर मिळालेल्या कार्डावर सगळा खर्च चढत जातो. आमच्या नावावर दोन मॉकटेल होते जे आम्ही प्यायलोच नव्हतो, पाच मिनिटांत काढून दिले. शेवटच्या रात्री त्याच खिडकीवर ही भली मोठी रांग असते.

आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी धक्क्यावरच मिळतात. ह्यांनी व्यवस्थित, घडी घालून, सगळं भरलं. सकाळी कपाटात एक ब्लेझर शिल्लक होता. सिंगापूरला हे ब्लेझर आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून उतरले, आणि इमिग्रेशनच्या रांगेत माझ्यापासून चार माणसं पुढे जाऊन उभे राहिले.