पोटातल्या बाळाची वाढ नीट होतेय का? आधी स्वतःची फाइल उघडा

माझ्या नणंदेचं बाळ 2 किलो 100 ग्रॅमचं झालं तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण तिलाच बोलून जायचा, खाल्लंच नसेल हिने काही. आणि ती तर ताट चाटूनपुसून खात होती हो. नंतर कळलं की सातव्या महिन्यापासून बीपी चढलेलं, वारेतून बाळाला रक्तपुरवठाच कमी जात होता. म्हणून म्हणते, आईला बोल लावायच्या आधी कारण शोधा, आणि ते बहुतेक वेळा फाइलमध्येच असतं.

जन्माच्या वेळी अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. ते होतं दोन वाटांनी, एकतर 37 आठवड्यांच्या आत डिलिव्हरी झाली नाहीतर पोटातच वाढ खुंटली, कधी दोन्ही. त्यामुळे शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी अगदी जपून ठेवा, तारखेचाच घोळ असेल तर बाळ लहान आहे की दिवसच कमी भरलेत हे नवव्या महिन्यात कोण सांगणार.

आता फाइल घेऊन बसा. उंची 145 सेंमीपेक्षा कमी, वय अठराच्या आत, गरोदरपणाआधीच वजन फार कमी, आधीचं बाळ लहान झालेलं किंवा पोटात गेलेलं, जुळं, बीपी, किडनीचा त्रास, आधीच्या डिलिव्हरीनंतर दीड वर्षाच्या आतच पुन्हा दिवस गेलेले. यातलं काहीही असलं तर पहिल्याच व्हिजिटला स्वतःहून सांगा, डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. कारण ज्यांना बीपी वाढायचा धोका जास्त त्यांना डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात आणि ती शक्यतो 16 आठवड्यांच्या आत सुरू करायची असते, सहाव्या महिन्यात आठवून सांगितलं तर ती वेळ निघून गेलेली असते. (मनाने घेऊ नका पण.)

मग मिश्री. डॉक्टर विचारतात तंबाखू खाता का, बाई म्हणते छे, आणि सकाळी उठल्यावर डबी उघडून बोट बुडवून अर्धा तास दात घासत मोरीशी बसलेली असते. अहो मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झालाय, 2004 साली छापून आला, त्यात मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली, वेळेआधी डिलिव्हरीही जास्त. नवऱ्याची बिडी आणि चुलीचा धूरही बाळाला बाधतो.

खाण्याचं म्हणाल तर "कमी खा, बाळ लहान राहिलं की सुटका सोपी" हे सांगणाऱ्या आजीला नमस्कार करून जेवायला बसा. पुण्याजवळच्या सहा गावांत जो मोठा अभ्यास झाला त्यात पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळं चांगली भरली, आणि पाणी वाहणं, शेतातलं काम असा भार जास्त असलेल्यांची लहान. तेव्हा घरातल्या गरोदर बाईला दोन लाडू जास्त द्या ठीक आहे, पण तिच्या हातातली कळशीही काढून घ्या. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया, लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, आणि चहासोबत नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी.

चेकअपला पोटावर टेप लावून, ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत, माप घेतलं का ते बघा, नसेल घेतलं तर घ्यायला सांगा, लाजू नका. साधारण 24 आठवड्यांनंतर जितके आठवडे तितके सेंटिमीटर यायला हवेत, दोनाने इकडेतिकडे चालतं. म्हणजे 32 व्या आठवड्यात 28 आलं तर "पुढच्या महिन्यात बघू" ऐकून घरी येऊ नका, वाढीची सोनोग्राफी आणि डॉप्लर (वारेतून बाळाला रक्त नीट जातंय का ते बघणारी तपासणी) करायचं का ते तिथेच विचारा. जुळं असेल किंवा वजन खूप जास्त असेल तर टेपवर भरवसा नाही, सरळ सोनोग्राफीच. नणंदेच्या कार्डावर टेपच्या मापाचा रकाना तीन वेळा कोरा होता, आम्ही कोणी बघितलाच नाही.

आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून मोजा, दोन तासांत दहा झाल्या नाहीत की त्याच दिवशी निघायचं, रात्र असली तरी.